कोठा आणि बांधी : भंडारा जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याची जनावरे

भंडारा जिल्ह्याच्या शेतीचे वर्णन बहुधा धान आणि तलाव या दोन शब्दांत आटोपले जाते. ते चूक नसले तरी अपुरे आहे, कारण एका कुटुंबाच्या हातून होणारी दोन-चार एकरांची धानशेती ज्याच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तो घराला लागून असलेला गुरांचा कोठा या वर्णनातून निसटतो. येथील गुरे दूध, लोणी किंवा मांस विकून पैसा मिळवण्यासाठी क्वचितच बाळगली गेली; चिखल करावा, बंडी ओढावी, धान चुरावे आणि वर्षभर शेण द्यावे हे त्यांचे काम होते, आणि त्या बदल्यात शेताने त्यांना दिले ते मुख्यतः दाणा काढून घेतल्यावर उरलेले काड, ज्याला या भागात तणीस म्हणतात. शेत आणि कोठा यांच्यातील ही देवघेव ध्यानात घेतली की जिल्ह्याच्या ग्रामजीवनातील पुष्कळ गोष्टींचा, अगदी सणवारांचा आणि तलावांच्या वापराचाही, उलगडा होतो.

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा हा एकच मोठा जिल्हा होता. आज त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर हे सात तालुके आहेत. वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद या नद्यांच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, परंतु तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या पाण्याला जागीच अडवून ठेवण्यासाठी शेताचे लहान लहान समतल तुकडे पाडून प्रत्येकाभोवती मातीचा बांध घालतात. अशा तुकड्याला बांधी आणि बांधाला धुरा म्हणतात. धुरा केवळ पाणी अडवत नाही, त्याच्यावर तूर लावली जाते, त्याच्या कडेने गवत कापून गुरांना नेले जाते, आणि दोन भावांच्या वाटण्या झाल्या की तोच हद्दीच्या भांडणांचे निमित्तही होतो. बांधी लहान, कोपरे अडचणीचे आणि दोन बांध्यांमध्ये चढ-उतार असल्यामुळे येथे एक बैलजोडी जितक्या सहजतेने फिरू शकते, तितके कोणतेही मोठे यंत्र फिरू शकत नव्हते.

आयर्लंडमधील लहान कौटुंबिक शेताशी ताडून पाहिले तर हा फरक अधिक ठळक होतो. तेथील सौम्य आणि ओलसर हवेत गवत वर्षातील बराच काळ वाढत राहते, म्हणून पंधरा-वीस एकरांच्या शेताचा खरा धंदा गाय, तिचे दूध, घरी घुसळलेले लोणी आणि विकायचे वासरू हा होता. उन्हाळ्यात सुकवून साठवलेले गवत हिवाळ्यात गुरांना मिळे, आणि घराजवळ पोसलेले डुक्कर विकून जमीनदाराचा खंड भागत असे, त्यामुळे त्या डुकराला गमतीने ‘खंड भरणारा गृहस्थ’ म्हणत. १९०३ च्या जमीन कायद्यानंतर सरकारी कर्जाच्या आधारे आयर्लंडमधील कुळे मोठ्या संख्येने आपापल्या शेताची मालक झाली. भंडाऱ्यातही मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरण्याची जबाबदारी आणि त्यासोबत गावाची मालकी एका घराण्याकडे असण्याची पद्धत, १९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये संपुष्टात आली. मालकीचा इतिहास असा काही अंशी समांतर असला तरी चाऱ्याचा मुळीच नाही. भंडाऱ्यात फेब्रुवारी उलटला की माळरान करपते, आणि तेथून पाऊस पडेपर्यंतचे चार महिने गुरांना जगवण्यासाठी तणीस हाच भरवशाचा आधार उरतो.

या शेतातील पहिला मान बैलजोडीचा. गावातल्याच गाईच्या पोटी जन्मलेला गोऱ्हा दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला खच्ची करून वेसण घालत, मग सुरुवातीला जुन्या शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपून सरळ चालायला शिकवत. बैलाचे वय दातांवरून ठरते : दुधाचे दात असलेला तो अदात, पुढचे दोन पक्के दात आलेला दोन दाती, आणि सगळे पक्के दात येऊन पूर्ण वयात आलेला तो जुळलेला, बाजारात किंमत सांगण्यापूर्वी घेणारा बैलाचे तोंड उघडून बघतो ते याच कारणाने. जोडी जमवताना उंची आणि चाल सारखी असावी लागते, कारण एक बैल पुढे ओढणारा आणि दुसरा मागे रेंगाळणारा असेल तर जू तिरपे राहते आणि पुढे असणाऱ्याच्या खांदावर घट्टा पडून जखम होते. पूर्व विदर्भातील गावठी बैल आकाराने लहान असतो, आणि परक्या नजरेला तो खुरटलेला वाटतो; पण लहान देहाला पोसायला कमी चारा लागतो, आणि निकस तणसीवर वर्ष काढायचे असेल तेथे हा दोष नसून गुण ठरतो. आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी नावाची काळी, ठेंगणी गायही डोंगराळ निकस कुरणांवर अशाच हिशेबाने टिकून राहिली.

चिखलाच्या कामात मात्र बैलाला हल्याने, म्हणजे रेड्याने, मागे टाकले आहे. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपवाटिकेत वाढवलेली रोपे, रोवण्याआधी बांधीत पाणी साचवून ती पुन्हा पुन्हा नांगरावी लागते, म्हणजे माती लोण्यासारखी होते, तिच्यातील छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपणे कमी होते. तणही गाडले जाते. गुडघाभर चिखलात रेड्याचे रुंद खूर आणि लवचीक सांधे बैलापेक्षा चांगले चालतात. परंतु त्याची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईबैलांच्या मानाने कमी असल्यामुळे देहातली उष्णता बाहेर टाकणे त्याला जड जाते. दुपारचे ऊन चढले की तो काम टाकून पाण्याकडे ओढ घेतो आणि तेथे त्याला मारून काही उपयोग होत नाही. म्हणून हल्याकडून पहाटेपासून सकाळ चढेपर्यंतच काम घेतात. मागे वळलेल्या लांब तलवारीसारख्या शिंगांची नागपुरी म्हैस ही विदर्भाची स्वतःची जात असून तिचे रेडे ओढकामाला आणि माद्या दुधाला, असा तिचा दुहेरी उपयोग होत आला. गावठी गाय दिवसाला लिटर-दोन लिटर दूध देत असे आणि त्यातला मोठा वाटा वासराचा असल्यामुळे, ज्या घरात म्हैस नाही त्या घरात चहाला दूध असणे ही रोजची गोष्ट नव्हती.

पाऊस लागला की जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते आणि तेथे बायांचे राज्य चालते. पुरुष जोडीने चिखल करत पुढे जातो, मागे ओळीने वाकलेल्या बाया पऱ्ह्यांच्या पेंढ्यांतून दोन-तीन रोपे अंगठ्याने चिखलात दाबत मागे मागे सरकतात. ज्या घरी मनुष्यबळ अपुरे ते शेजारच्या घराशी कामाची अदलाबदल करते, म्हणजे आज तुमच्या बांधीत आम्ही, उद्या आमच्या बांधीत तुम्ही. महाराष्ट्राच्या इतर भागांत याला सावड म्हणतात आणि आयर्लंडमध्ये कापणीच्या वेळी शेजाऱ्यांच्या अशाच एकत्र येण्याला मेहेल म्हणत. ज्याच्याकडे जोडी नाही त्याने दुसऱ्याची जोडी एक दिवस वापरून त्याबदल्यात माणसांचे कित्येक दिवस द्यावेत, असाही हिशेब असे. त्यात जोडीवाल्याचे पारडे जड राहत असे, हे सांगितल्याशिवाय या परस्पर सहकार्याचे चित्र खरे होत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलके, मध्यम आणि भारी धान, म्हणजे लवकर, मधल्या काळात आणि उशिरा पिकणारे वाण, याच क्रमाने कापणीला येतात. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच पसरून सुकवतात, मग भारे बांधून खळ्याजवळ रचतात; या रचलेल्या मोठ्या गंजीला पुंजणे म्हणतात, आणि पुंजण्याला आग लागणे ही धानाच्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी भीती असते, कारण त्यात घरचे धान्य आणि गुरांचा चारा दोन्ही एकाच वेळी जातात. पुढे खळ्यावर भारे पसरून त्यावरून बैल गोल फिरवत धान चुरले जाई. बैलाच्या खुरांखाली दाणा सुटतो आणि काड मऊ होते. हे मऊ झालेले काड यंत्राने मळलेल्या काडापेक्षा गुरे आवडीने खातात. दाणा उपणून ढोलीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या आणि शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, जातो आणि तणीस कोठ्याशेजारी मोठ्या ढिगात रचली जाते. ढीग रचणे हे कसबाचे काम आहे : मध्यभाग उंच आणि कडा उतरत्या ठेवून, काड बाहेरच्या बाजूला झुकते राहील असे थर दिले तर अवकाळी पावसाचे पाणी वरवरून ओघळून जाते आणि आतला चारा जूनपर्यंत कोरडा राहतो, हात नवखा असेल तर मधोमध खळगा पडतो आणि मार्चमध्येच आतून कुबट वास येऊ लागतो.

तणीस हा चारा म्हणून तसा गरीबच. त्यात प्रथिने जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास असतात, आणि धानाचे झाड मातीतून सिलिका शोषून काडात साठवत असल्यामुळे ती पचायलाही जड असते. गाईम्हशींच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव काडातील तंतुमय भाग फोडून त्याचे पोषणात रूपांतर करतात, म्हणून माणसाला निरुपयोगी असलेल्या या काडावर जनावर जगू शकते. परंतु त्या सूक्ष्मजीवांनाही नत्र लागते, आणि ते तणसीत पुरेसे नसते. ही उणीव भरून काढण्याची व्यवस्था धानाच्या बांधीतच केलेली होती. कापणीच्या काही आठवडे आधी, बांधीतली माती ओली असताना, उभ्या धानात लाखोळीचे बी फेकून देत. या पद्धतीला उतेरा म्हणतात. धान कापले जाईपर्यंत लाखोळी रुजलेली असते आणि नांगरणी किंवा पाणी न देता, केवळ उरलेल्या ओलीवर ती पिकते. ही शेंगवर्गीय वनस्पती असल्यामुळे जमिनीला नत्र देते, तिचा भुसा गुरांना आणि डाळ माणसांना मिळते. सतत केवळ तीच डाळ खाल्ली तर तिच्यातील एका विषारी घटकामुळे पायांना कायमचा लुळेपणा येऊ शकतो, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने मात्र ती पेरणे सोडले नाही, आणि डाळ भिजवून ते पाणी फेकून देण्याची घरोघरची रीतही सोडली नाही. जोडीला जवसाची ढेप, धान कांडताना निघालेला कोंडा आणि भाताची पेज कामाच्या दिवसांत बैलांच्या वाट्याला येत असे.

कोठ्यातून शेताकडे परत जाणारी वस्तू म्हणजे शेण. गव्हाणीत उरलेली तणीस, मूत आणि शेण असे सगळे रोज सकाळी खताच्या खड्ड्यात जाई आणि मे महिन्यात बंडीने बांध्यांत पोहोचे. सिहार नावाच्या पिवळसर रेताड जमिनीत, जेथे पाणी आणि पोषण दोन्ही टिकत नाही, तेथे या खतावाचून धान होत नसे. परंतु शेणाला दुसरेही दावेदार होते. घरातील बाईला सारवण्यासाठी शेण हवे, चुलीसाठी गोवऱ्या हव्यात, ढोली लिंपायलाही तेच हवे, आणि जंगल दूर असलेल्या गावात चुलीचा वाटा शेताच्या वाट्यावर मात करी. कोणत्या घरी शेण शेतात जाते आणि कोणत्या घरी चुलीत, यावरून त्या घराच्या जमिनीचे भविष्य सांगता आले असते.

पावसाळा ते हिवाळा गुरे चरायला जात ती गायकीच्या, म्हणजे गुराख्याच्या, मागे. सकाळी प्रत्येक घरचे दावे सुटे आणि सगळी गुरे गावाबाहेरच्या आखरावर, अर्थात गुरे जमवण्याच्या ठरलेल्या मोकळ्या जागेवर, गोळा होत. तेथून तो त्यांना झुडपी जंगलात किंवा तलावाच्या पोटातील उघड्या जागेत नेई आणि सांजेला परत आणी. मोबदला जनावरामागे धानाच्या मापाने वर्षाकाठी ठरलेला असे. हे काम परंपरेने गोवारी समाजाकडे होते. ज्या समाजाचा उल्लेख आज बहुतेकांना २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात चेंगराचेंगरीत गेलेल्या ११४ जिवांमुळे आठवतो, त्या समाजाची ओळख या जिल्ह्यातल्या गावांत मुळात गाईंशी जोडलेली आहे. बलिप्रतिपदेला होणारे गायगोधन हा त्यांचा मोठा दिवस : शेणाचे गोधन मांडून त्यावरून सजवलेल्या गाई नेल्या जातात, पावा आणि डफ वाजतात, आणि तेथून पुढे गावोगावच्या मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचा आणि नाटकांचा, हंगाम सुरू होतो. चराईचा हक्क हाही केवळ रूढीचा विषय नव्हता. ब्रिटिश काळातील जमाबंदीच्या वेळी प्रत्येक गावाच्या चालीरीती वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदल्या गेल्या, आणि सरपण, माती, पाणी व चराई यांवरील गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क निस्तार या नावाने कागदावर आले.

तलावांच्या वापरातही गुरांचा असाच वाटा होता. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले तलाव आज माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी मामा तलाव, म्हणून ओळखले जातात. त्यांच्याकडे केवळ सिंचनाची साधने म्हणून बघितले जाते. वस्तुतः म्हशींच्या डुंबण्याची, गुरांच्या पिण्याची आणि पाणी ओसरल्यावर उगवणाऱ्या हिरव्या चाऱ्याची जागाही तीच होती, शिवाय ढिवर समाजाची मासेमारीही तेथेच चालत असे. म्हशींच्या शेणामुताने पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढते आणि माशांना खाद्य मिळते, उन्हाळ्यात तळाचा गाळ बांध्यांत टाकला जातो. शेतातल्या लहान खोदतळ्याला, ज्याला येथे बोडी म्हणतात, हाच न्याय कमी प्रमाणात लागू होता.

शेळ्या आणि कोंबड्या बहुधा घरच्या बाईच्या असत. त्यांचा हिशेब पुरुषाच्या हिशेबात मिसळत नसे, आणि औषधपाणी, पाहुणा किंवा मुलाची वही अशा अचानक खर्चाला बोकड किंवा दोन कोंबड्या विकून वाट निघे.

जोडीतील एक बैल मरणे हे लहान शेतकऱ्यावरचे मोठे अरिष्ट होते, कारण उरलेल्या एकट्या बैलाने काहीच करता येत नाही. पावसाच्या तोंडाशी घटसर्प म्हशींना आणि फऱ्या तरण्याताठ्या गुरांना गाठत असे. लाळ्या-खुरकुताने जनावर सहसा मरत नसले तरी ऐन रोवणीत त्याचे पाय चिखलात टेकत नाहीत, आणि नुकसान तेच होते. सर्वांत भयंकर होती ती बुळकांडी, जी एकेका साथीत आखर रिकामा करून टाकी. लसीकरणाने तिचा नायनाट झाला. भारत २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाने जगातून पूर्णपणे पुसून टाकलेला देवीनंतरचा हा दुसरा रोग असूनही त्याची आठवण आता गावातल्या म्हाताऱ्यांपुरती उरली आहे.

श्रावण अमावास्येला येणाऱ्या पोळ्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर बघावा लागतो. तोवर रोवणी संपत आलेली असते, बैलांचे खांद सोलवटलेले असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी जुवाच्या जागी हळद आणि तूप चोळून खांद शेकतात, दुसऱ्या दिवशी न्हाऊ घालून शिंगे रंगवतात, झुली आणि बाशिंगे चढवून तोरणाखाली आणतात, आणि तेथे झडत्यांची, म्हणजे तोंडावर रचलेल्या टोमणेबाज पदांची, चढाओढ लागते. नंतर सालगडी जोडी घेऊन घरोघर फिरतो आणि बोजारा, म्हणजे बैलांच्या नावाने मिळणारी बिदागी, गोळा करतो. वर्षभर राबणाऱ्या माणसाला बैलाच्या निमित्ताने का होईना रोख पैसा मिळण्याचा हा एक दिवस होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन मुलांचा तान्हा पोळा भरतो.

या व्यवस्थेची पहिली गाठ ट्रॅक्टर येण्याआधी सैल झाली. १९६६ मध्ये आयआर-८ आणि १९६८ मध्ये जया हे बुटके वाण आले. त्यांचे दाण्याचे उत्पन्न जास्त होते, पण दाण्याच्या मानाने काड कमी, आणि त्यांना लागणारे नत्र पोत्यातून येत असल्यामुळे शेणखताची निकड उरली नाही. उंच काडाचे, उशिरा पिकणारे जुने भारी धान मागे पडले, तसा कोठ्याचा चाराही आखडला. पुढे ट्रॅक्टरने चिखल होऊ लागला आणि हार्वेस्टरने कापणी. हार्वेस्टर काड बांधीतच तुडवून टाकत असल्याने तणसीचा ढीग घराशेजारी येईनासा झाला. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्याने म्हातारा बैल विकून त्या पैशात भर घालून गोऱ्हा घेण्याची जुनी सोय अवघड झाली. देशभराच्या पशुगणनेत २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गोवंशातील नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसते, त्यामागे ही सगळी कारणे एकत्र आहेत. जोड्या कमी झाल्या की आखर ओस पडतो, गायकीला परवडत नाही, आणि मग ज्याच्याकडे दोनच गुरे उरली आहेत त्यालाही ती घरी बांधून पोसणे भाग पडते; शेवटी तीही विकली जातात.

दरम्यान शेजारच्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागातील लहान चणीच्या गुरांना २०२३ मध्ये कठाणी या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. चिखलात काम करणे हेच तिचे वैशिष्ट्य म्हणून नोंदले गेले, आणि नोंद झाली ती ते काम ट्रॅक्टरकडे जाऊन बराच काळ लोटल्यावर. भंडाऱ्यात आज जी जोडी खरोखर जपून, खुराक देऊन सांभाळली जाते ती बहुतांशी शंकरपटाची, म्हणजे हलक्या गाडीला जुंपून सेकंदांच्या हिशेबाने पळवण्याची. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटाच्या बैलाला काम म्हणजे फक्त पळणे. त्याला ढेप, डाळ आणि दूध मिळते, तणीस बेताने दिली जाते, आणि खांदावर घट्टा पडू नये म्हणून मालक त्याला नांगराला लावत नाही.